हुआन सोटो गेला तो हिवाळा: पाद्रेजच्या पगारपत्रकाचा हिशेब

प्रश्न असा आहे: "२०२३ साली सॅन डिएगो पाद्रेज ही बेसबॉलमधल्या सगळ्यात महागड्या तीन टीमपैकी एक होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी पंचवीस वर्षांचा हुआन सोटो न्यूयॉर्क यांकीजला देऊन टाकला. मालक वारले म्हणून? पैसे संपले म्हणून? आणि एवढा मोठा बॅटर गेल्यावर पुढच्या वर्षी टीम आणखी चांगली कशी खेळली? आयपीएल बघणाऱ्याला समजेल असं सांगा."

मी गेली सोळा वर्षं खेळाडूंच्या एजंटांसाठी करारांचे आणि आर्बिट्रेशनचे (पगाराच्या वादावरच्या लवादाचे) आकडे मांडायचं काम करते. लोकांचा बेसबॉलचा मोसम एप्रिल ते ऑक्टोबर असतो. आमचा मोसम वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, संपली की सुरू होतो. पाद्रेजसाठी मी कधी काम केलेलं नाही. खाली दिलेले आकडे जाहीर झालेले आहेत, मतं माझी आहेत.

आधी थोडक्यात सांगते. आधीच्या दोन-तीन वर्षांत सह्या केलेले करार, टीव्हीचा अडकलेला पैसा आणि मालकाचा मृत्यू हे तिन्ही त्या एका वर्षात येऊन आदळले. त्या घडीला पगारपत्रकात हलवता येण्याजोगा मोठा आकडा एकच उरला होता, तो सोटोचा. आता हे नीट उलगडून सांगते, कारण खरी गंमत आकड्यांच्या आत आहे.

आयपीएलमध्ये पर्स असते. त्याच डिसेंबरात दुबईत लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक फ्रँचायझीची पर्स १०० कोटी रुपयांची होती. मालक कितीही श्रीमंत असो, त्यापुढे एक रुपया घालता येत नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी भिंतच नाही. मालकाला हवा तेवढा खर्च करायची मुभा आहे, फक्त एक रेघ ओलांडली की दंड सुरू होतो. त्याला सगळे लक्झरी टॅक्स म्हणतात. २०२३ साली ती रेघ २३.३ कोटी डॉलरवर होती. (इंग्रजी बातम्यांतला मिलियनचा आकडा दहाने भागला की आपला कोटी मिळतो, मी इथे सगळीकडे कोटीच वापरते.)

या करासाठी पगार मोजायची रीत वेगळी आहे, आणि नवख्या माणसाची चूक बहुतेक वेळा इथेच होते. खेळाडूच्या हातात त्या वर्षी किती पडले हे कर बघत नाही. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, अशी सरासरी धरतात. फर्नांडो टॅटीस ज्युनियरचं उदाहरण घ्या. त्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये १४ वर्षांचा ३४ कोटींचा करार केला. २०२३ मध्ये त्याचा प्रत्यक्ष पगार होता फक्त ७० लाख डॉलर. पण कराच्या वहीत त्याच्या नावापुढे दरवर्षी जवळजवळ २.४३ कोटी लागतात, कारण ३४ कोटींना चौदाने भागलं की तेवढे येतात. म्हणजे त्याच्या एकट्याच्या बाबतीत रोकड आणि वही यांत पावणेदोन कोटींचा फरक. मॅनी मचाडोने फेब्रुवारी २०२३ मध्ये जुना करार मोडून ११ वर्षांचा ३५ कोटींचा नवा केला, तोही असाच: सुरुवातीला हलका, पुढे जड. त्यामुळे पाद्रेजची वही आत्ताच फुगलेली दिसत होती, आणि रोकडीचा खरा भार तर अजून यायचाच होता.

दंड कसा चढतो ते आता बघा. रेघ पहिल्यांदा ओलांडली तर जादा रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. पाद्रेज २०२१ पासून सलग तीन वर्षं वर होते, म्हणून २०२३ ला त्यांचा मूळ दर ५० टक्के झाला. शिवाय वरच्या टप्प्यांना अधिभार आहे. रेघेच्या वरच्या पहिल्या दोन कोटींवर ५० टक्के, पुढच्या दोन कोटींवर १२ टक्के अधिभार धरून ६२, त्यापुढच्या दोन कोटींवर ४५ टक्के अधिभार धरून ९५. पाद्रेज या तिसऱ्या टप्प्यात पोचले होते. त्या टप्प्यात एखाद्या राखीव पिचरला (आपल्या भाषेत गोलंदाजाला) दहा लाख डॉलर देताना टीमच्या खिशातून साडेएकोणीस लाख जातात. आदल्या वर्षी, २०२२ ला, त्यांचा कर साधारण १५ लाख डॉलर होता. २०२३ ला तो साधारण ३.९७ कोटी झाला. वर्षभरात पंचवीस पटीहून जास्त.

आणि पैशापेक्षाही बोचणारी शिक्षा वेगळी असते. रेघेच्या चार कोटी वर गेलात की पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे टीमनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्यातली, पहिली निवड दहा जागा मागे जाते. पाद्रेजची १५ वी होती, ती २५ वर गेली. शिवाय ब्लेक स्नेल आणि जॉश हेडर असे दोन मोठे खेळाडू त्या हिवाळ्यात फ्री एजंट म्हणून, म्हणजे करार संपून कुठेही सही करायला मोकळे होऊन, निघून गेले. असे खेळाडू गेले की टीमला भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. पण टीम कराच्या रेघेच्या वर असेल, तर ती निवड थेट चौथ्या फेरीनंतर मिळते. स्नेल त्या वर्षी नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) साय यंग विजेता, म्हणजे त्या भागातला सर्वोत्तम पिचर. त्याच्या बदल्यात चौथ्या फेरीनंतरची एक निवड. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या पोटात अशा ओळी वाचून खड्डा पडतो.

आता तुम्ही विचाराल की एवढं सगळं माहीत असताना या लोकांनी पाय पसरलेच कशाला? अंथरूण बघायला नको का?

इथे पीटर सायडलर यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वॉल्टर ओमॅली म्हणजे डॉजर्सना ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला नेणारे मालक. सायडलर त्यांचे नातू. २०१२ साली त्यांच्या गटाने पाद्रेज ८० कोटी डॉलरला घेतली, आणि २०२० च्या अखेरीस ते स्वतः अध्यक्ष झाले. सॅन डिएगो टीव्हीच्या हिशेबाने लहान बाजार. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला मेक्सिकोची हद्द, उत्तरेला लॉस एंजेलिस, पूर्वेला वाळवंट. प्रेक्षक वाढायला जागाच नाही. अशा टीमने वर्षानुवर्षं हिशेबाने राहायचं, तरुण खेळाडू वाढवायचे आणि महाग झाले की विकायचे, ही ठरलेली रीत. १९६९ पासून खेळणाऱ्या या टीमने एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. १९८४ आणि १९९८ ला तिथवर जाऊन हरली. (पाद्रेज हे नाव या भागात आलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांवरून आलं. आपला पाद्री शब्द पोर्तुगीजांकडून आला, तोच हा.)

सायडलर यांनी वेगळा हिशेब मांडला. २०१७ ला अमेरिकन फुटबॉलची चार्जर्स टीम शहर सोडून लॉस एंजेलिसला गेली होती. चार मोठ्या व्यावसायिक खेळांपैकी आता शहरात एकच टीम उरली होती. लोकांना जीव लावायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी धरून चाललं की टीम खरंच जिंकायला खेळते आहे असं दिसलं तर हे शहर मैदान भरून टाकेल. ते बरोबर निघाले. २०२३ ला पेटको पार्कमध्ये ३२.७ लाख प्रेक्षक आले, सामन्याला सरासरी ४० हजार, टीमच्या इतिहासात तोवर सगळ्यात जास्त. मी त्या सप्टेंबरात एका संध्याकाळी तिथे होते. टीम गडगडत चालली होती, प्लेऑफची आशा जवळजवळ संपलेली. तरी डाव्या कोपऱ्यातल्या त्या जुन्या विटांच्या वेस्टर्न मेटल इमारतीच्या गच्चीपर्यंत माणसं होती, आणि माझ्या शेजारच्या आजोबांनी स्कोअरकार्डवर नवव्या इनिंगपर्यंत प्रत्येक पिचची नोंद केली.

म्हणून सायडलर यांना उधळे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांच्यासमोर एक मुदत होती. ते दोनदा लिंफोमातून उठलेले गृहस्थ होते, टीम पिढ्यान् पिढ्या घरात ठेवायची असं सांगत होते, आणि आपल्या डोळ्यांदेखत शहरात विजयाची मिरवणूक निघावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. वीस वर्षं मालक राहणार अशी खात्री असलेला माणूस आजचा तोटा उद्याच्या टीमच्या किमतीतून भरून निघेल म्हणतो. माझा अनुभव असा की मालकाकडे पैसे किती यापेक्षा तो किती पुढचं बघतो, यावर पगारपत्रक ठरतं. मोठमोठे धनाढ्य मालक दोन वर्षांच्या ताळेबंदापलीकडे बघत नाहीत, आणि त्यांच्या टीम वर्षानुवर्षं तळाला राहतात.

या भरवशावर करार होत गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये सोटो आला. जुलैत त्याने वॉशिंग्टन नॅशनल्सचा १५ वर्षांचा ४४ कोटींचा प्रस्ताव नाकारला होता, म्हणून नॅशनल्सने त्याला विकायला काढलं. पाद्रेजने बदल्यात सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड असे उमलत्या वयातले खेळाडू दिले. त्या ऑक्टोबरात त्यांनी १११ सामने जिंकलेल्या डॉजर्सना हरवलं. डिसेंबरात झँडर बोगार्ट्सला ११ वर्षं, २८ कोटी. मग यू दार्विशला सहा वर्षं, १०.८ कोटी. मग मचाडोचा नवा करार. एप्रिलमध्ये जेक क्रोनेनवर्थला सात वर्षं, ८ कोटी. यातला क्रोनेनवर्थचा करार मला तेव्हाही पटला नव्हता. त्या मोसमानंतरही दोन वर्षं हातात असलेल्या, तिशीकडे झुकलेल्या इनफिल्डरला सात वर्षं बांधून देण्याची घाई नव्हती.

मग टीव्ही. बऱ्याच टीमचं मोठं ठरलेलं उत्पन्न स्थानिक केबल वाहिनीकडून येतं. लोक केबल तोडायला लागले आणि अशा वाहिन्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी २०२३ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली. मे महिन्याच्या अखेरीस तिने पाद्रेजचे हप्ते थांबवले, आणि लीगने सामन्यांचं प्रक्षेपण स्वतःकडे घेतलं. करार वर्षाला साधारण ६ कोटींचा होता. त्या मोसमापुरती त्यातल्या ८० टक्क्यांची हमी लीगने घेतली. पुढच्या वर्षांचं उत्पन्न मात्र अधांतरी राहिलं. पिकाचा अंदाज धरून विहीर खणावी आणि त्याच वर्षी कालव्याचं पाणी तुटावं, तशी गत झाली.

मैदानावरही नशिबाने साथ दिली नाही. २०२३ ला पाद्रेज ८२ जिंकले, ८० हरले. एका रनाने निकाल लागलेल्या सामन्यांत ९ जय आणि २३ पराभव, जादा इनिंगच्या सामन्यांत २ आणि १२. क्लबहाऊसमधलं वातावरण बिघडलं होतं असं पुष्कळ छापून आलं. मी इतकंच म्हणेन की एका रनाच्या सामन्यांत असा निकाल बराचसा दैवाधीन असतो, आणि ते पुढच्याच वर्षी दिसलं. पण प्लेऑफ हुकला म्हणजे प्लेऑफची तिकीटविक्री हुकली. सप्टेंबरमध्ये चालू देणी आणि पगार भागवायला टीमने साधारण ५ कोटींचं कर्ज काढल्याचं पुढे बातम्यांत आलं. लीगचा नियम असा की टीमचं कर्ज तिच्या वार्षिक कमाईच्या आठ पटींत राहायला हवं. म्हणजे आता मालकाची इच्छा असो वा नसो, लीगची नजर वहीवर होती.

१४ नोव्हेंबर २०२३ ला पीटर सायडलर वारले. ६३ वर्षांचे होते.

कारभार एरिक कुट्सेंडा यांच्याकडे आला, ते सायडलर यांचे जुने व्यावसायिक भागीदार. तात्पुरता कारभारी काय करू शकतो? तो दुसऱ्याच्या वतीने वीस वर्षांचा शब्द देऊ शकत नाही. त्याच्या हातात एक मोसम असतो. तो मोसम नेटाने पार पाडायचा, कर्ज आटोक्यात आणायचं आणि टीम पडू द्यायची नाही. पुढचे सगळे निर्णय या चौकटीत वाचा म्हणजे कोडं सुटतं.

जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांच्यासमोरचं पत्रक मी तेव्हा जाहीर आकड्यांवरून स्वतःच्या सवयीने मांडून बघितलं होतं. पाच जण फ्री एजंट होऊन चालले होते: स्नेल, हेडर, सेथ लूगो, मायकेल वाका, निक मार्टिनेज. यातल्या स्नेल, लूगो आणि वाका या तिघांनीच मिळून साडेचारशेहून जास्त इनिंग्ज टाकल्या होत्या. म्हणजे आळीपाळीने सामन्याची सुरुवात करणाऱ्या पाच पिचरांतले, पाचातले तीन स्टार्टर गेले. उरलेले मोठे करार हलणारे नव्हते. टॅटीस आणि बोगार्ट्स यांना करारानेच ट्रेड (दुसऱ्या टीमशी अदलाबदल) नाकारायचा हक्क होता. एवढी वर्षं शिल्लक असलेला करार उचलायला दुसरी टीम तयार झाली तरी बदल्यात काही देत नाही.

राहिला सोटो. तो आर्बिट्रेशनच्या शेवटच्या वर्षात होता. खेळाडूची सहा वर्षांची सेवा पुरी होईपर्यंत तो टीमच्या ताब्यात असतो. पहिली काही वर्षं जवळजवळ किमान वेतनावर, मग आर्बिट्रेशन. पगार ठरला नाही तर फेब्रुवारीत सुनावणी होते. टीमचा एक आकडा, खेळाडूचा एक, आणि तीन लवादांनी त्यांपैकी एकच उचलायचा. मधला काढायची परवानगी नाही. हे लांबून सरळ वाटतं. मी एका सुनावणीत एका तरुण रिलीव्हरच्या, म्हणजे स्टार्टरनंतर मधे येणाऱ्या पिचरच्या, शेजारी बसले होते. त्याच्याच टीमचा वकील पडद्यावर एकेक तक्ता लावून तो किती सामान्य आहे ते तासभर सांगत होता. मुलगा मान खाली घालून हॉटेलच्या वहीवर चौकोन काढत राहिला. आम्ही ती केस जिंकलो. पण त्याने त्या टीमशी पुढे कधी लांब करार केला नाही, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. म्हणून शहाण्या टीम मोठ्या खेळाडूच्या बाबतीत सुनावणीपर्यंत जात नाहीत. सोटोचा आकडाही जानेवारीत न भांडता ३.१ कोटीवर ठरला, आर्बिट्रेशनमधला तोवरचा उच्चांक. पण तो मान्य केला यांकीजने.

हा आकडा पाद्रेजच्या वहीत बसवून बघा. एक वर्षाचा खेळाडू, त्यामुळे सरासरीची सवलत नाही, ३.१ कोटी रोकडही आणि वहीतही. आणि वर्षाअखेरीस तो फ्री एजंट होणार हे नक्की. ४४ कोटी नाकारलेला माणूस खुल्या बाजारात गेल्याशिवाय सही करत नाही. तो काही लेचापेचा खेळला नव्हता: १६२ पैकी १६२ सामने, ३५ होम रन (आपल्या षटकारासारखे), १३२ वॉक (चार चुकीचे बॉल सोडून फुकट मिळालेला पहिला बेस). पण ३.१ कोटी एकाच बॅटरवर गेले तर तीन स्टार्टर आणायचे कशातून?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नॅशव्हिलला विंटर मीटिंग्ज भरल्या. तिथे ट्रेड ठरला आणि ७ तारखेला जाहीर झाला. यांकीजला डावखुरा बॅटर हवा होता. पाद्रेजने सोटोबरोबर ट्रेंट ग्रिशमही दिला, ज्याचा २०२४ चा पगार पुढे ५५ लाखांवर ठरला. बदल्यात पाच जण आले: मायकेल किंग, ड्रू थॉर्प, रँडी वास्केज आणि जॉनी ब्रिटो हे चार पिचर, आणि काइल हिगाशिओका हा कॅचर. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना हे विचित्र वाटतं. त्याच सुमारास हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे गेला तो निव्वळ पैशावर. बेसबॉलमध्ये माणसाच्या बदल्यात माणसं येतात, त्यामुळे ट्रेडचा खरा निकाल दोन-तीन वर्षांनी कळतो.

त्या दिवशी वर्तमानपत्रांनी याला पगारकपात म्हटलं. मला मात्र त्या यादीत किंगचं नाव बघून वाटलं की प्रेलर अजून जिंकायला खेळत आहेत. किंग यांकीजकडे बहुतेक रिलीव्हर म्हणून वापरला गेला होता. मोसमाच्या शेवटी त्याला स्टार्टर म्हणून उतरवलं तेव्हा त्याने उत्तम काम केलं होतं. रिलीव्हरच्या आकड्यांवर आर्बिट्रेशनमध्ये पगार कमी मिळतो. म्हणजे स्टार्टरचं काम करू शकणारा माणूस रिलीव्हरच्या भावात, आणि दोन वर्षं हातात. २०२४ ला त्याचा पगार होता ३१.५ लाख. त्याने १३ सामने जिंकले, नऊ इनिंगमागे सरासरी २.९५ रनच दिले, २०१ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. आवळा देऊन कोहळा काढला असं मी म्हणणार नाही, कारण सोटो आवळा नव्हता. पण त्या कोहळ्याची किंमत प्रेलरनी बरोबर ओळखली होती.

आणि थॉर्प सॅन डिएगोसाठी एक सामनाही खेळला नाही. १३ मार्च २०२४ ला, मोसम उघडायला आठवडा असताना, त्याला आणि आणखी तिघांना शिकागो व्हाइट सॉक्सकडे पाठवून प्रेलरनी डिलन सीज आणला. सीजचा पगार ८० लाख, तोही दोन वर्षं ताब्यात. जुलैत त्याने वॉशिंग्टनविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे सबंध सामन्यात एकही हिट दिली नाही. आता बेरीज करा. सोटो आणि ग्रिशम मिळून ३.६५ कोटी गेले. किंग आणि सीज मिळून साधारण १.११ कोटीत आले. अडीच कोटी वाचले, त्याशिवाय पूर्ण मोसम टाकणारे दोन स्टार्टर मिळाले, आणि टीम २०२४ च्या २३.७ कोटींच्या रेघेखाली उतरली. रेघेखाली एक वर्ष काढलं की पाटी कोरी होते, पुन्हा वर गेलात तर दर ५० ऐवजी २० टक्क्यांपासून सुरू. हिवाळ्यातलं हेच सगळ्यात मोठं बक्षीस होतं, आणि त्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. मॅनेजर बॉब मेलव्हिन सॅन फ्रान्सिस्कोला गेले, माइक शिल्ट आले. जपानमधून युकी मात्सुई पाच वर्षांसाठी २.८ कोटीत. आउटफिल्डमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या, त्यांपैकी एक ज्युरिक्सन प्रोफारला दहा लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर दिली. त्याने २४ होम रन मारले आणि ऑल-स्टार झाला. दुसरी जागा जॅक्सन मेरिल नावाच्या वीस वर्षांच्या मुलाला. हा मुलगा शॉर्टस्टॉप. त्याला सेंटर फील्डला उभं केलं आणि २० मार्चला सोलमध्ये डॉजर्सविरुद्ध थेट मेजर लीगमध्ये उतरवलं. वर्षअखेर .२९२ ची बॅटिंग सरासरी, २४ होम रन, ९० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन). लीगचं किमान वेतन तेव्हा ७.४ लाख डॉलर होतं. मेरिलसारखा मुलगा किमान वेतनाच्या आसपास असं वर्ष देतो तेव्हा मचाडोचा करार पेलता येतो. दोन टोकं अशीच जुळवावी लागतात. प्रोफार आणि मेरिल दोघंही एकाच वर्षी एवढे फुलतील हे मात्र कोणत्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. श्रेय द्यायचं तर एवढंही मान्य करायला हवं.

२०२४ ला पाद्रेज ९३ जिंकले. पेटको पार्कमध्ये ३३ लाखांच्या वर लोक आले.

मग सोटोची उणीव भासली नाही का? भासली, आणि नेमक्या वेळी भासली. ऑक्टोबरमध्ये डॉजर्सविरुद्ध पाद्रेज दोन-एकने पुढे होते. एक विजय हवा होता. चौथा सामना ८-० ने गेला, पाचवा २-० ने. शेवटच्या सलग २४ इनिंग्जमध्ये एक रन नाही. पाचव्या सामन्यात सहाव्या-सातव्या इनिंगला मी टीव्हीसमोर बसून, बेसवर माणूस नसतानाही पिचरला घाम फोडणारा, हव्या त्या बॉललाच हात लावणारा एक डावखुरा बॅटर मनात धरत होते. तो तेव्हा यांकीजसाठी खेळत होता. त्या वर्षी त्याचे ४१ होम रन झाले आणि यांकीज वर्ल्ड सिरीजला पोचले. डिसेंबरात त्याने न्यूयॉर्क मेट्सबरोबर १५ वर्षांचा ७६.५ कोटींचा करार केला. त्या आकड्याच्या जवळपासही सॅन डिएगो पोचू शकत नव्हतं. तरी मला विचाराल तर तो ट्रेड मी पुन्हा केला असता. सोटो ठेवला असता तर किंग आणि सीज नसते, आणि ते नसते तर ऑक्टोबरही नसता.

मालकीचा भाग मात्र २०२५ संपेपर्यंत सुटलेला नव्हता, आणि तुमच्या प्रश्नाचा तो अर्धा भाग आहे. जानेवारी २०२५ मध्ये पीटर यांच्या पत्नी शील सायडलर यांनी टीमचा ताबा आणि ट्रस्टचा कारभार यावरून दिरांविरुद्ध टेक्सासमध्ये दावा लावला. समोरच्यांनी आरोप नाकारले. फेब्रुवारीत लीगच्या मालकांनी पीटर यांचे भाऊ जॉन सायडलर यांना कारभारी म्हणून मान्यता दिली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कुटुंबाने जाहीर केलं की टीम विकण्यासह सगळे पर्याय तपासत आहोत. पिढ्यान् पिढ्या घरात राहायची होती ती टीम. ही बातमी वाचली तेव्हा मला पेटको पार्कातले ते स्कोअरकार्डवाले आजोबा आठवले.

विकायला निघालेल्या टीमचा हिवाळा कसा जातो हे पाहायचं असेल तर मोठ्या सह्यांकडे बघू नका, पुढच्या वर्षांच्या रकान्यांकडे बघा. एप्रिल २०२५ मध्ये मेरिलला नऊ वर्षं, १३.५ कोटींचा करार दिला. हा येणाऱ्या कोणत्याही मालकाला हवाच असेल, कारण वय कमी आणि भाव वाजवी. उलट सीजला धरून ठेवलं नाही; तो टोरोंटोकडे सात वर्षांच्या २१ कोटींवर गेला. आणि जुलै २०२५ मध्ये मेसन मिलर हा क्लोझर (सामन्याची शेवटची इनिंग टाकणारा पिचर) आणताना प्रेलरनी लिओ डे व्रीस हा आपला सगळ्यात मोलाचा प्रॉस्पेक्ट, म्हणजे अजून मेजर लीगमध्ये न आलेला होतकरू मुलगा, देऊन टाकला. तिथे मला भीती वाटली, कारण पुढचा मेरिल अशाच मुलांतून येतो.

नवा मालक कागद मागवेल तेव्हा २०२७ च्या रकान्यावर बोट ठेवेल. मचाडोचा पगार त्या वर्षापासून ३.५ कोटी होतो आणि २०३३ पर्यंत तेवढाच राहतो. तोवर तो चाळिशी ओलांडलेला असेल. टॅटीसचा २ कोटींवरून अडीचवर जातो, २०२९ पासून ३.६ वर. बोगार्ट्स अडीच कोटींच्या आसपास. तिघांचे मिळून साडेआठ कोटी, बाकी तेवीस जणांचा विचार सुरू करायच्या आधीच. आणि खेळाडू संघटनेबरोबरचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, त्यामुळे त्या रकान्यात कराची रेघ कुठे असेल हे आज खरेदीदारालाही ठाऊक नाही, विकणाऱ्यालाही नाही.